पोस्टकार्डाएवढी फट

नाकाला रुमाल लावलात ना? लावा, मला राग नाही. वास माझाच आहे. जळून बरेच दिवस झाले तरी तो गेलेला नाही, आणि आता जाईल असं वाटतही नाही.

मी क्लच प्लेट बोलतेय. एका मोटार ड्रायव्हिंग क्लासच्या ऑफिसात, टेबलावर, पेनांच्या डब्याशेजारी माझा मुक्काम असतो. येणारे-जाणारे मला काय वाट्टेल ते समजतात. परवा एका गृहस्थांनी खुशाल माझ्यावर चहाचा कप ठेवला. ठेवू देत बापडे! आयुष्यभर दोघांच्या मध्ये दाबली गेले मी, मला एका कपाचं काय ओझं?

जन्म माझा कारखान्यातला. पोलादाची गोल चकती, दोन्ही अंगांना खरखरीत लायनिंग, ते घट्ट धरायला रिव्हेट आणि पोटाशी स्प्रिंगा. एका साच्यातल्या आम्ही शेकडो बहिणी. खोक्यात बसून दुकानाच्या फळीवर गप्पा मारायचो. कुणाला वाटे आपल्याला टॅक्सी मिळावी, गाव बघायला मिळेल. कुणाला वाटे एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याची गाडी मिळावी, आठवड्यातून एकदा बाहेर पडणारी. मी म्हणायची, काहीही मिळू दे, फक्त शिकाऊ गाडी नको. मन चिंती ते वैरी न चिंती! मला नेमकी शिकाऊ गाडीच मिळाली.

माझं काम काय ते सांगते, फार अवघड नाही. गाडीत एकीकडे इंजिन, दुसरीकडे गिअरबॉक्स आणि त्याच्यामागे चाकं. इंजिन सारखं फिरतं, त्याला दम म्हणून नाही. चाकांना मात्र कधी थांबायचं असतं, कधी निघायचं असतं. या दोघांचं जमवून द्यायचं ते मी. पेडल दाबलं की मी इंजिनाला सोडते, पेडल सोडलं की धरते. धरायचं तर घट्ट, सोडायचं तर पूर्ण. निघताना क्षणभर घासावं लागतं, त्याला माझी ना नाही. पण सारखं अर्धवट धरायला लावलं की मी तापते, आणि तसंच चालू राहिलं तर जळते.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी मला बसवायला घेतलं, तेव्हा माझ्या आधीची प्लेट बाहेर पडली होती. काळी ठिक्कर झाली होती बिचारी. जाता जाता मला म्हणाली, "बाई गं, डावीकडचा पाय सांभाळ." मला काही अर्थबोध झाला नाही. नव्या नवरीला सगळेच काहीतरी सांगतात, तसं असेल म्हटलं.

गाडीत बसल्यावर कळलं. क्लासची गाडी ती, तिला पेडलं दोन ठिकाणी. उजवीकडे शिकणाऱ्याची, आणि डावीकडे शिकवणाऱ्यासाठी जास्तीची एक जोडी, क्लच आणि ब्रेक. डावीकडचा क्लच दाबला की तार ओढली जायची आणि उजवीकडचं पेडलही आपोआप खाली बसायचं. ती तार जराशी करकरायची. त्यामुळे मला आतल्या आत कळायचं, ओढ कुठल्या बाजूची आहे.

डावीकडे बसायचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवलेली. भाजीवाल्याला, बँकेतल्या साहेबांना, साहेबांच्या मुलाला आणि मग त्या मुलाच्या बायकोलाही. आवाज खणखणीत, स्वभाव तापट, पण मन लावून शिकवायचे. क्लच कसा सोडायचा हे सांगताना म्हणायचे, "झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतो ना आपण, तस्सा पाय काढायचा. बाळ उठलं की गाडी बंद!" हे ऐकून रांगडे रांगडे गडीसुद्धा पाय हळू सोडायला लागायचे.

त्यांची स्वतःची एक जुनी सवय होती. डावा पाय कायम त्या जास्तीच्या क्लचच्या वर अधांतरी धरून बसायचे, कधी दाबावा लागेल नेम नाही म्हणून. त्यांना त्याचा भारी अभिमान. "पाय पेडलच्या वर, पेडलवर नाही," असं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचे. पूर्वी म्हणे सांगून झालं की समोरच्या कप्प्यातून एक जुनं पोस्टकार्ड काढायचे आणि पायाच्या आणि पेडलच्या मधून सुळकन फिरवून दाखवायचे. "बघितलं? पोस्टकार्ड जाईल एवढी फट. पाय थकत नाही आणि क्लच घासत नाही." लोकांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी राहायच्या.

पण मी गाडीत आले तेव्हापासून त्यांनी ते पोस्टकार्ड कप्प्यातून काढलेलं मी एकदाही ऐकलं नाही. नुसतं तोंडानंच सांगायचे. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून असं करत असतील असंही नाही. फट आहे याची त्यांना खात्रीच होती.

माझ्यावर कितीतरी पायांनी राज्य केलं. एक शिक्षक गिअर चुकला की गिअरलाच "माफ करा हं" म्हणायचे. एक बाई समोर कुत्रं दिसलं की तिन्ही पेडलं एकदम दाबू बघायच्या, पाय दोनच असताना! मी सगळ्यांचं सोसलं. नवशिक्याचा पाय चुकतो, पण तो चुकून मोकळा होतो. त्यानं थोडी झीज होते, जळणं होत नाही.

आणि मग सूनबाई. मास्तरांची सून. मुलगा नोकरीसाठी दूर, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. घरात सासरा आणि सून, दोघंच. सूनबाई क्लासचे फोन घ्यायची, वेळा ठरवायची. फोनवर बायका विचारायच्या, "शिकवायला बाई आहे का हो? बाई असेल तर येते." ती नाही म्हणून फोन ठेवायची. शेवटी एक दिवस म्हणाली, "बाबा, मला शिकवा. नुसती चालवायला नको, शिकवायला शिकवा."

मास्तर खूश झाले. आपल्या मागे क्लासचं काय, हा घोर त्यांनाही होताच. सकाळी पहिला विद्यार्थी यायच्या आधी आणि संध्याकाळी शेवटचा गेला की सूनबाईचा तास. तिचा पाय काय सांगू तुम्हाला! इतका हलका, इतका नेमका, की ती निघायची तेव्हा मला इंजिन धरल्याचं कळायचंही नाही. मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढायची.

तरीही मी तापायला लागले.

सूनबाईनं पाय पूर्ण काढलेला, खाली जमिनीवर ठेवलेला, आणि तरी माझी पकड अर्धीच! वरून काहीतरी दाबतंय. मग तार करकरली आणि आधीच्या प्लेटचे शब्द आठवले. डावीकडचा पाय. मास्तरांचा पाय पेडलच्या वर नव्हता, पेडलवर होता. जोरात दाबलेला नाही, नुसता टेकलेला, ओल्या टॉवेलसारखा पडलेला. पण तेवढं मला पुरे होतं.

असं प्रत्येक तासाला व्हायचं. बाकीचे विद्यार्थी घामाघूम, त्यांना पेडलकडे बघायला वेळ कुठला? सूनबाईच्या मात्र लक्षात आलं. एकदा चालवता चालवता म्हणाली, "बाबा, हे क्लचचं पेडल आधीच थोडं खाली बसलंय."

"कुठे बसलंय?" म्हणून मास्तर बघायला वाकले. वाकताना पाय मागे घेतला. पेडल टुणकन वर!

"बघ, जागेवर आहे. नाचता येईना अंगण वाकडं!"

सूनबाईनं पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. ते वाकायचे, पाय निघायचा, पेडल वर यायचं. तिसऱ्यांदा मास्तर चिडले. "पेडलचं कौतुक पुरे. रस्त्यावर बघ." तिनं कानाला खडा लावला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मी आत जळफळत होते. कुणीतरी बघा रे त्या पायाकडे! पण माझी भाषा म्हणजे वास, आणि वास आला की ओरडा खायची ती सूनबाई.

त्या दिवसांत मास्तरांचं आणखी एक चालायचं. गाडीतून उतरून घरात जायचे आणि डावी चप्पल गाडीतच राहायची. सूनबाई हसत हसत मागून घेऊन जायची. "बाबा, एक चप्पल घालून सिंड्रेला झालात की काय?" मास्तर म्हणायचे, "चप्पलच ढगळ आहे. दुकानदारानं गंडवलं." दोघंही हसायची. मला तेव्हा कळलं नाही, त्यांनाही नाही.

आमच्या गावात पाण्याच्या टाकीपाशी एक चढ आहे. एका दुपारी सूनबाई तो चढत होती. तिनं ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन बोंब मारायला लागलं, पण गाडी काही वेग घेईना. माझ्यात धरायला काही उरलंच नव्हतं. धूर निघाला, गाडी थांबली, मागे हॉर्न सुरू झाले. लोकांनी ढकलून बाजूला घेतली.

मास्तर त्या सगळ्या लोकांसमोर बोलले, "हात टेकले मी! एका वर्षात ही दुसरी प्लेट. आधीची नवशिक्यांनी घालवली, ही तू. ज्या पायाला स्वतःला सावरता येत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?"

सूनबाईनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मला त्या क्षणी मास्तरांचा इतका राग आला म्हणून सांगू! चोर सोडून संन्याशाला सुळी.

गाडी ओढून गॅरेजला नेली. मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि थोडी रेस देऊन क्लच सोडला. धडधाकट प्लेट असेल तर अशा वेळी इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं. ते आपलं मजेत चालूच. "गेली," मिस्त्री म्हणाले. मग गिअरबॉक्स उतरवून त्यांनी मला बाहेर काढलं. माझं लायनिंग झिजून गुळगुळीत झालेलं, रिव्हेटची डोकी उघडी पडलेली. एका कडेचा तुकडा निखळून आतला पत्रा सुरीसारखा वर आला होता.

"शिकाऊ गाडी, शिकाऊ पाय," मिस्त्रींनी निकाल दिला. "वहिनी, पाय पेडलवर ठेवून चालवता वाटतं?"

"नाही ठेवत हो," सूनबाई म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

मास्तर म्हणाले, "राहू दे. मी ठरवलंय. गाडी विकून टाकतो आणि पाटी उतरवतो. उद्या एक जण गाडी बघायला येणार आहे."

तेव्हा मात्र सूनबाईचा आवाज फुटला. "बाबा, चार बायका माझ्यासाठी थांबल्यात. मी त्यांना शब्द दिलाय."

"मग शब्द परत घे," मास्तर म्हणाले, आणि गॅरेजच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले. बोललेलं त्यांनाही लागलं होतं, पण माघार घेतील तर ते मास्तर कसले.

नवीन प्लेट बसली. जुना माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची गॅरेजची रीत, म्हणजे खरंच बदललंय याची खात्री पटते. सूनबाई मला डिकीत ठेवायला निघाली. मास्तर म्हणाले, "इकडे आण. ठेव माझ्या पायाशी. घरी गेल्यावर भिंतीला टांगू, आठवण राहील. चल, घरापर्यंत शेवटचं चालव."

अशी मी पहिल्यांदा त्या पायासमोर आले. इतके दिवस ज्याचा भार सोसला तो पाय! मला वाटलं होतं, राक्षसासारखा असेल. तो तर एका थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय होता. टाच भेगाळलेली, करंगळीला कधीतरी आलेला फोड तसाच सुकलेला. चप्पल निम्मी निघालेली. आणि तो आख्खाच्या आख्खा पेडलवर टेकलेला. माझा राग तिथेच गळून गेला हो. मुद्दाम टेकवलेला पाय नव्हता तो. त्या पायाला आपण कुठे आहोत हेच ठाऊक नव्हतं.

आतून नवी प्लेट ओरडत होती, "अगं, हा कुणाचा भार?" मी तिला काय सांगणार!

रस्त्यावर एक खड्डा आला. गाडी उसळली, मी घसरले, आणि माझा तो वर आलेला पत्रा मास्तरांच्या पावलाला कडेनं चांगलाच लागला. मी घाबरले. आता ओरडतील, म्हटलं. मास्तर समोर रस्ता बघत होते. रक्त चपलेत उतरलं, चपलेतून खाली सांडलं. मास्तर म्हणाले, "पुढे वळण आहे, हॉर्न दे."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणतात. माझं जळत होतं ते मला कळत होतं. या माणसाला तर स्वतःचं कापलेलंही कळत नव्हतं.

टाकीचा चढ सुरू झाला आणि पुन्हा जळका वास आला. सूनबाईनं गाडी बाजूला घेतली. तिला वाटलं वास माझाच. "हिला मागे टाकते, बाबा," म्हणून ती उतरली, वळसा घालून आली आणि डावीकडचं दार उघडलं.

"बाबा! रक्त!"

मास्तरांनी खाली बघितलं आणि विचारलं, "कुणाचं?"

सूनबाई तिथेच रस्त्यावर गुडघ्यांवर बसली. पर्समधला स्वच्छ रुमाल काढून तिनं जखमेवर घट्ट बांधला. "दुखत नाही तुम्हाला?"

"नाही गं. काहीच नाही."

"आणि आता? मी काय करतेय सांगा. बघू नका इकडे."

"काय करतेयस?"

"अंगठा चिमटीत धरलाय, बाबा. जोरात."

सूनबाई त्या पायाकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पेडलकडे. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, पाय रोज धरता तसा धरा बरं. पेडलच्या वर."

त्यांनी समोर बघत पाय ठेवला. "धरला."

"फट आहे?"

"आहे की. पोस्टकार्डाएवढी."

सूनबाईनं कप्पा उघडून ते जुनं पोस्टकार्ड काढलं आणि पायाखालून सारायला गेली. ते जाईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला तेव्हा त्याचा कोपरा दुमडला. मग तिनं पलीकडच्या बाजूला बोट दाखवलं. यावेळी मास्तरांनी पाय न हलवता नुसती मान वळवली. उजवीकडचं पेडल निम्मं खाली बसलेलं होतं, आणि त्या सीटवर कुणीही नव्हतं.

"तू सांगत होतीस," मास्तर म्हणाले. "तीनदा सांगितलंस. आणि मी तुला चारचौघांत..." खणखणीत आवाजाचा तो माणूस तोंडावर हात घेऊन रडला. सूनबाईच्या डोळ्यांनाही धार लागली, पण तिचे हात रुमालाची गाठ बांधत राहिले.

"ते सगळं नंतर," ती म्हणाली. "आधी डॉक्टर. आता दोन्ही पाय वर घ्या आणि मांडी घालून बसा. खाली सोडायचे नाहीत, सांगून ठेवते!"

मास्तर शहाण्या मुलासारखे सीटवर मांडी घालून बसले. सूनबाईनं गाडी सुरू केली. हँडब्रेक सोडला, पाय अलगद काढला, आणि त्या अवघड चढावर नव्या प्लेटनं इंजिन असं पकडलं की मास्तरांच्या तोंडून नकळत निघालं, "बाळ उठलं नाही हं."

मास्तरांच्या रक्तात साखर वाढलेली होती. बरीच आधीपासून असणार, पायाच्या नसा बधिर होईपर्यंत. चप्पल ढगळ नव्हती, पायालाच ती निघाल्याचं कळत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की जखम वेळेत दिसली म्हणून पाय वाचला, आणि यापुढे पेडलवर पाय ठेवायचा नाही. हे सगळं मी नंतर सूनबाईच्या फोनवरून ऐकलं, ती नवऱ्याला सांगत होती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी गाडी बघायला माणूस आला. मी अजून गाडीतच होते. मास्तर पायाला पट्टी बांधून, काठी टेकत दारात आले. "माफ करा, तुम्हाला फेरी पडली," ते म्हणाले. "गाडी विकायची नाही. आमच्या सूनबाई क्लास चालवणार आहेत." मग तसेच लंगडत गॅरेजपर्यंत गेले म्हणे, मिस्त्रींना सांगायला की पाय शिकाऊ नव्हता, मास्तरांचा होता.

आता डावीकडे सूनबाई बसते. त्या चार बायका शिकून गेल्या, त्यांच्या ओळखीच्या आल्या. मास्तर कधी कधी मागच्या सीटवर बसतात. तोंड उघडायचं नाही या अटीवर, आणि अट रोज मोडतात. जित्याची खोड, दुसरं काय!

मला भिंतीला टांगलं नाही. सूनबाई नव्या विद्यार्थ्याच्या हातात मला देते, माझ्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरवायला लावते आणि म्हणते, "गिअर बदलला की पाय बाजूला." तेवढं तुम्हीही ऐका. तुमच्याही गाडीत माझी एक बहीण अंधारात बसली आहे, ती हाक मारू शकत नाही. आणि शेजारचं कुणी पेडल खाली आहे म्हणालं, तर त्याला म्हण ऐकवायच्या आधी एकदा आपला पाय जागच्या जागी बघा.

रोज संध्याकाळी क्लास संपला की मास्तर या टेबलापाशी बसून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवतात. सूनबाई दोन्ही तळवे नीट निरखते, बोटांच्या बेचक्यांतून बघते. मास्तर छताकडे बघत विचारतात, "लागलंय का गं कुठे?"

"नाही, बाबा. आज काही नाही."

पूर्वीचे मास्तर वाकून स्वतः बघितल्याशिवाय राहिले नसते. आता ते "बरं" म्हणतात, आणि ती पुढे सरकवते त्या चपला घालतात.